पेटीचं आधार

१० एप्रिल

प्रणाली म्हणते, आजी, तू लिहून ठेवत जाय. मी घरी नसतानी पेटी कवा बंद पडली, कवा ओरडली, पडद्यावर काय आलं, सारं लिही, म्हणजे मले तिचा रोग समजन. म्या म्हटलं, बाई, मी दुसरी शिकलेली. तिसरीत जायाच्या आत बापानं हाती बकऱ्या दिल्या. तर म्हणे, दुसरी पुरते, पेटीले काही संस्कृत येत नाही.

अशी आहे माही नात. बोलण्यात कोणाले ऐकत नाही.

पेटी म्हणजे कंप्युटर. पण दुकानात भेटते तसा नाही. ह्याईची लोखंडी पेटी होती. ह्याईची म्हणजे प्रणालीच्या आबाची, नत्थुजीची. आता ते नाहीत तर वहीत नाव लिहाले काय हरकत आहे, तोंडानं म्या कधी घेतलं नाही. भातकुलीहून बडनेऱ्याले आलो तवा आमचा सारा संसार त्या पेटीत होता. ते गेल्यावर म्या तिच्यात गोधड्या ठेवल्या. पोट्टीनं गोधड्या बाहेर काढल्या, पेटीले भोकं पाडले, अन् भंगारातून आणलेल्या पट्ट्या, पंखे, तारा आत बसवून कंप्युटर उभा केला. स्वतःच्या हातानं! गल्लीतल्या बाया पाहाले येतात. मी सगळ्याईले चहा पाजते.

आज दुपारी पेटी ओरडली. टूं टूं टूं. पडदा काळा. प्रणाली आली, तिनं आतून एक पट्टी काढली, खोडरबरनं तिचे दात घासले, परत बसवली. चालू!

"काय झालं होतं वं याले?"

"विसरली होती बिचारी. पेटीची आठवण या पट्टीत रायते."

म्या म्हटलं, मंग माह्या डोक्यात बी घाल तो रबर, सकाळपासून चष्मा सापडून नाही राहिला. चष्मा केसात होता.

१३ एप्रिल

आज पेटी ओरडली नाही. पण तिच्यात तारीख चुकीची येते. लय जुनं साल दाखवते. प्रणाली म्हणे, आतला सेल मेला, घड्याळात रायते तसा. म्या ते साल पाहिलं अन् म्हटलं, राहू दे ना पोरी. त्या साली हे होते. सायकलवर जिनिंगमधून यायचे, अंगाले सारा कापूस लागलेला, म्हाताऱ्यासारखे पांढरे दिसायचे. खरे म्हातारे व्हाले थांबलेच नाहीत.

तिनं सेल बदलला. बरोबर आहे, कामाची वस्तू आहे.

काम काय ते लिहिते, नाही तर उद्या मीच विसरीन अन् मले कोणी रबर लावणार नाही. शफीकभाई शिंपी आहेत आमच्या गल्लीत. त्याईची भरतकामाची मोठी मशीन होती, डोळ्याचं ऑपरेशन झालं तवापासून बंद. त्याईची पोरगी जेबा अन् आमची प्रणाली शाळेत एका बाकावरच्या. दोघींनी ते मशीन आमच्या समोरच्या खोलीत आणली. प्रणाली पेटीवर नक्षी काढते, पेटी ते मशीनले सांगते, मशीन कापडावर भरते. पण मशीनची भाषा जुनी. नव्या कंप्युटरले ते येतच नाही. म्हणून ही जुनी पेटी, अन् पेटीत जुनी विंडो. विंडो म्हणजे खिडकी, पण खिडकी नाही. मले बी नाही समजलं, पुढं चाला.

एका शाळेनं बिल्ले सांगतले आहेत, पोराईच्या शर्टावर लावतात ते. उगवता सूर्य अन् खाली शाळेचं नाव. पाडव्याले किशोर आला होता अकोल्याहून, माहा पोरगा, प्रणालीचा बाप. बियाण्याच्या दुकानात आहे. तो म्हणे, "शाळा उघडायच्या आत सारे बिल्ले भरून दे. दिले तर मी लग्नाचं नाव काढणार नाही, तू अन् तुही पेटी. नाही दिले तर दर्यापूरचं स्थळ. मुकाट्यानं." प्रणालीनं लागलीच हात पुढं केला. बापलेकीनं टाळी दिली. "माय, तू साक्षीदार," म्हणे.

मी खूश. बिल्ले झाले तर नात माह्यापाशी राहीन, नाही झाले तर नातीचं लग्न पाहीन. माह्या दोन्ही हातात लाडू.

२० एप्रिल

पडद्यावर एक पाटी आली. इंग्रजीत. म्या जशीच्या तशी वहीत उतरवली, चित्र काढल्यासारखी. प्रणाली वाचून म्हणे, "काही नाही आजी. ते नेहमीचं आहे. हिले सपोर्ट नाही राहिला."

"म्हणजे?"

"म्हणजे ही विंडो जुनी झाली. कंपनीनं हिचा आधार काढून घेतला. आता हिले कोणी पाहत नाही."

बापा! आधार बंद झालं पेटीचं. हे मले लागलीच समजलं, मागच्या साली माह्यंच झालं होतं. निराधारचा पगार थांबला. काहून थांबला? तर आधार अपडेट नाही. गेली मी रांगेत. तर अंगठा उमटत नाही. कापूस वेचून, राखेनं भांडे घासून रेघा कवाच्या गेल्या. डावा लावा, उजवा लावा, पुसून लावा, थुंकी लावून लावा. रेशनवर बी तेच. शेवटी डोळ्यात दिवा मारला अन् मशीननं मले मानलं. अपडेट झालं अन् पगार चालू झाला.

म्या म्हटलं, "मंग पेटीचं बी आधार अपडेट करून घे."

पोट्टी हसून हसून पलंगावर लोळली. जेबा बी. मंग डोळे पुसून म्हणे, "आजी, हिले अपडेट करायचं नाही. कधीच नाही. इंटरनेट बी नाही लावायचं. अपडेट केलं की मेली."

आता काय म्हणावं? अपडेट नाही केलं म्हणून उपाशी राहिलेले लोक म्या पाहिले. अपडेट केल्यानं कोणी मेलं, असं नाही ऐकलं बाई. आजकालच्या पोरीईले रांगेत उभं राहाचा कंटाळा.

किशोरचा फोन आला तवा त्याले हे सांगतलं. तो बी लय हसला. मंग म्हणे, "काहून करायचं नाही म्हणते ती?"

३० एप्रिल

अक्षय तृतीया. ह्याईच्या नावानं घागर भरली, आमरस केला. अन् आजच पहिला बिल्ला निघाला! मशीन खडखड करून राहिली, आम्ही तिघी श्वास धरून उभ्या. सूर्य निघाला पिवळा, पण एक किरण वाकडा. प्रणालीनं उसवला, पेटीवर सुधारला, परत भरला. मंग असा सूर्य आला की काय सांगू. बोट फिरवलं तर फुगीर लागते, खरपूस भाकरीवरच्या फोडावानी.

तो वाकडा बिल्ला म्या मागून घेतला. देवाजवळ ठेवला.

किशोर आता रोज फोन करते. पहिले महिना महिना नाही करायचा, सुनेच्या, चंदाच्या, फोनवरून निरोप. आता रोज. "जेवली का माय? पेटी कशी आहे? किती झाले?" इतकी माया अचानक कोठून आली, म्या म्हटलं, घागर भरली म्हणून आबानंच बुद्धी दिली असन.

६ मे

ऊन असं आहे की चिमण्या नळाच्या तोटीले लटकून राहिल्या. पेटी तापली अन् बसली. ओरडली बी नाही, नुसती बसली. प्रणाली अमरावतीले गेलेली. म्या पेटीचं झाकण उघडलं, टेबल फॅन लावला अन् खिडकीले ओलं पोतं बांधलं. आली तर म्हणे, "आजी, हे तुले कोणं शिकवलं?" म्या म्हटलं, तुह्या बापाले गोवर निघाला होता तवा असंच केलं होतं.

पेटी उठली. आता रोज दुपारी पेटीले ओल्या पोत्याची हवा. मीच पाहते. कुरड्या बी वाळतात अन् पेटी बी जगते. जेबा मले "इंजिनियर आजी" म्हणते.

किशोरनं फोनवर एक काम सांगतलं. म्हणे, प्रणालीले विचार, ते जुनी विंडो गेली तर काय होते? मले काळजी वाटते, म्हणे.

७ मे

विचारलं. प्रणाली म्हणे, "मंग सारंच गेलं आजी. भरतकामाचं जे आत टाकलं आहे, ते परत टाकाचं तर कंपनी फोनवर एक नंबर देत होती. ते कंपनीच बुडाली. आता नंबर देणारं कोणी नाही."

मी किशोरले जसंच्या तसं सांगतलं. शब्द इकडचा तिकडे नाही. तो म्हणे, "बरं." मंग म्हणे, "तू लय हुशार झाली माय." मी रात्रभर खूश.

१५ मे

बिल्ल्याईचा ढीग पाहून शाळेची बाई खूश होऊन गेली. प्रणाली म्हणे, शाळा उघडायच्या आत आरामात होतात. तिनं मले उचलून गोल फिरवलं. पडली असती तर माह्यं हाडच भरावं लागलं असतं मशीनवर.

किशोरले सांगतलं. मंग म्हणे, "दर्यापूरचे लोक थांबून आहेत माय. असं स्थळ परत नाही येणार. पोट्टी तारा जोडत म्हातारी होईन." म्या म्हटलं, होऊ दे, मी आहे ना.

मंग विचारे, ती घरी कवा नसते.

१८ मे, दुपार

आज किशोर आला! न सांगता, सकाळच्या गाडीनं. आंब्याची पेटी घेऊन. प्रणाली अन् जेबा धाग्याचे रीळ आणाले अमरावतीले, इतवारा बाजारात गेलेल्या. म्या म्हटलं, फोन करते, तुले पाहून खूश होईन. म्हणे, "राहू दे माय, उन्हाची धावत येईन."

मंग तो पेटीपुढं बसला. "माय, हिचं आधार राहिलं ना?" म्या म्हटलं, हो बापा, पण ती म्हणते करू नको. "लहान आहे ती. तुहं आधार बंद होतं तवा पगार आला होता का? तसंच हिचं. उद्या बिल्ले अर्ध्यावर असतानी बंद पडली तर?" हे मले पटलं. खिशातून त्यानं बोटाएवढी काडी काढली. काय रे हे? तर म्हणे, हिचं नवं आधार. पेटीत घातली. पाट्या येत गेल्या, तो दाबत गेला. दुकानाशेजारी कंप्युटरवाला आहे, त्याच्यापाशी शिकून आला म्हणे. मायेपायी माणूस काय काय शिकते.

मंग एक पाटी आली अन् तो थांबला. खुर्चीवरून उठला. "माय, हे शेवटचं तू दाब."

"मी? माह्या बोटाले रेशनचं मशीन ओळखत नाही."

"दाब त. घरात मोठी तू. चांगल्या कामाले मोठ्याचा हात पाहिजे."

म्या हात धुतले. पेटीले हळदीकुंकू वाहिलं. ह्याईची पेटी ना शेवटी. मंग जिथं त्यानं सांगतलं तिथं बोट ठेवलं अन् दाबलं. किशोर हात मागं बांधून उभा, लहानपणी गुरुजीपुढं राहायचा तसा. अन् काय सांगू! पहिल्याच वेळी मानलं. थुंकी नाही, पुसणं नाही, डोळ्यात दिवा नाही. एका बोटात!

रस अन् सरगुंडे केले होते. किशोरनं रस खाल्ला नाही. आंबे स्वतःच आणले अन् स्वतःच नाही खाल्ले. नुसता दाराकडं पाहे. ऊन लागलं असन. पडदा निळा झाला तसा तो उठला, म्हणे गाडी चुकन.

१८ मे, संध्याकाळ

प्रणाली आली. म्या दारातच सांगतलं, "अपडेट झालं पोरी! आधार झालं!"

ती पडद्याकडं पाहत राहिली. रिळांची थैली हातातच. मंग बसली, दाबत राहिली, दाबत राहिली. नवा पडदा लय सुंदर आहे, डोंगर, पाणी. पण भरतकामाचं कोठी दिसे ना.

"कोणं केलं?"

"म्या. ह्या बोटानं."

तिनं माह्यं बोट हातात घेतलं अन् पाहिलं. मंग तिले कोपऱ्यात आंब्याची पेटी दिसली, वर अकोल्याच्या दुकानाचं नाव.

"बाबा आले होते?"

"हो. तुह्यासाठी ठेवला आहे रस."

"छान केलं आजी," म्हणे. अन् न्हाणीत गेली. लय वेळ पाण्याचा आवाज. उन्हाची आली होती.

रस खाल्ला नाही तिनं बी. आज कोणालेच रस नको. मीच खाल्ला.

१९ मे

जेबा आली अन् ओरडली, "आजी, ये क्या कर दिया तुमने! वो आधार नई था!" प्रणाली म्हणे, "जेबा, चूप. आजीसमोर नाही." मंग दोघी बाहेर ओट्यावर जाऊन बोलत बसल्या. म्या चहा नेला तर गप्प झाल्या.

काय झालं ते मले कोणी सांगत नाही. पेटी चालू आहे, तापत नाही, ओरडत नाही, तारीख बरोबर दाखवते. माणूस बरं झालं की डॉक्टरले पेढे देतात.

२२ मे

जुनी विंडो परत टाकाची आहे म्हणे. तिची तबकडी पाहिजे. शफीकभाईनं आपला माळा उपसला, त्याईले धड दिसत बी नाही, तरी वर चढले. बटणाच्या डब्यात सापडली. तबकडीवर बटणाचे गोल गोल ओरखडे. प्रणालीनं टूथपेस्ट लावून कापसानं पुसली. माह्या दातापेक्षा जास्त चमकली.

पेटीनं तबकडी वाचली! जुना पडदा परत आला. म्या म्हटलं, पाहा, उगाच घाबरल्या.

जेबानं मले मिठी मारली. तीन दिवसांनी बोलली ती माह्यासंगं.

२३ मे

भरतकामाचं परत टाकलं. त्यानं नंबर मागतला. कंपनीचा फोन लावला तर एक बाई म्हणते, आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. प्रणालीनं परत लावला. परत तेच. अस्तित्वात नाही म्हणते अन् किती गोड आवाजात.

मले आता आठवलं. हे तर तिनं मले पहिलेच सांगतलं होतं, नंबर देणारं कोणी नाही. म्या किशोरले बी सांगतलं होतं. मंग त्याले माहीत होतं. माहीत होतं तर त्यानं काहून… विसरला असन. दुकानात किती कामं रायतात.

किशोरचा फोन नाही आला. अठरा तारखेपासून नाही आला.

२९ मे

दोघी हातानं भरून राहिल्या. शफीकभाई साध्या मशीनवर किनार मारून देतात, चाचपून चाचपून. मी सुईत धागा ओवून देते, म्हणजे देत होती, आता दोरा दिसत नाही. एक सूर्य भरेपर्यंत खरा सूर्य मावळते. शाळेच्या बाईचा फोन आला, बिल्ल्याईचं काम दुसऱ्याले दिलं म्हणे. प्रणाली म्हणे, "हो मॅडम. हो मॅडम. समजलं मॅडम." फोन ठेवला अन् रिळं रंगानुसार डब्यात लावाले बसली. पिवळा पिवळ्यात, निळा निळ्यात.

म्या विचारलं, पोरी, माह्या हातून काही झालं का?

"तुह्या हातून काही नाही झालं आजी."

मंग कोणाच्या हातून झालं, हे म्या नाही विचारलं. काहून नाही विचारलं, मले माहीत नाही.

२ जून

किशोर अन् चंदा आले. दोघंही नवे कपडे घालून. प्रणाली उभीच.

"बाबा, तुम्ही केलं."

"काय केलं म्या?"

"विंडो उडवली. तुमाले माहीत होतं. शर्त मोडली तुम्ही, मी नाही येत."

किशोर शांत. आवाज बी चढवला नाही. "म्या हात बी नाही लावला. साक्षीदार बसली आहे, विचार तिले." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "माय, बटन कोणं दाबलं?"

सारे माह्याकडं पाहत. चंदा पाहे. जेबा दारात उभी, ती पाहे. प्रणाली मात्र माह्याकडं पाहत नव्हती, ती पेटीकडं पाहत होती. तिच्या कपाळाले अजून त्या दिवसाचं माह्यं हळदीकुंकू होतं, पेटीच्या म्हणते मी.

खोटं कसं बोलू? म्या आयुष्यात साक्ष दिली नाही, अन् दिली तर खरीच देईन. म्या म्हटलं, "म्या दाबलं."

"झालं," किशोर म्हणे.

पहिले पाट्या तूच दाबल्या ना बापा, काडी तूच आणली ना, असं माह्या तोंडापर्यंत आलं होतं. पण कोणी विचारलंच नाही ते. बटनाचंच विचारलं.

प्रणाली म्हणे, "आजीले कायले मधात आणता?" बस, इतकंच. चंदानं तिची बॅग भरली. जाताना प्रणाली माह्या पाया पडली. म्या म्हटलं, वही घेऊन जाय, साऱ्या पाट्या लिहिल्या आहेत, कामी येतीन. म्हणे, "राहू दे आजी. तुह्यंच लिही आता."

८ जून

अकोल्याले प्रणालीचं साक्षगंध झालं, साखरपुडा म्हणतात ते. हॉल मोठा, जेवण चांगलं. पोरगा गोरा आहे, फोनमध्ये पाहत बसते. पोराची माय मले म्हणे, "तुमची नात घरकामात हुशार आहे ना?" म्या म्हटलं, "ती कंप्युटर बनवते." तिले वाटलं मी थट्टा करते. हसली.

प्रणालीच्या ब्लाउजवर भरतकाम होतं, दुकानातलं. म्या बोट फिरवून पाहिलं. धागे सुटलेले. तिनं माह्यं बोट पकडून बाजूले केलं. "पाहू नको आजी, एकशे एक चुका आहेत." तेवढंच हसली दिवसभरात.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर. माह्या हातातला एक लाडू आहे अजून. म्या खाऊन पाहिला तर गोड नाही लागत.

२६ जून

शाळा उघडल्या. पोरं गल्लीतून जातात. एका पोरीले थांबवून म्या बिल्ला पाहिला. छापलेला आहे. सूर्याचे किरण सारे सरळ, पण बोटाले काही लागतच नाही. कोपरा निघालेला. पोरगी म्हणे, आजी, काय पाहता? म्या म्हटलं, काही नाही माय, जाय, घंटा होईन.

संध्याकाळी किशोरले मीच फोन केला. म्या म्हटलं, "तुले माहीत होतं ना रे?"

"काय?"

"नंबर देणारं कोणी नाही म्हणून. म्याच तुले सांगतलं होतं."

म्हणे, "माय, तिच्या भल्यासाठीच ना."

"मंग तूच दाबाचं होतं. मले काहून लावलं?"

"म्या दाबलं असतं तर ती जन्मभर बोलली नसती माह्यासंगं. तुह्यावर थोडीच रागावते ती."

खरं आहे. नाही रागावली. एक शब्द नाही बोलली. त्याले आपल्या लेकीचा स्वभाव चांगला माहीत आहे, अन् मायचा बी.

३ जुलै

मशीन जेबानं परत नेली. एक नवं कापड टाकून झाकून ठेवली आहे म्हणे. येते माह्यापाशी, पण पहिल्यासारखी बसत नाही. "इंजिनियर आजी" म्हणत नाही.

प्रणालीचा फोन आला अकोल्याहून. "आजी, पेटी कशी आहे?"

म्या सांगतलं, तारा काढून कोपऱ्यात ठेवल्या, गोधड्या परत भरल्या. पण तू पाडलेल्या भोकाईतून झुरळं जातात, म्हणून बिल्ल्याच्या उरलेल्या चिंध्या कोंबल्या.

मंग म्हणे, "तो वाकडा किरणवाला आहे का अजून?"

"देवाजवळ आहे."

"तो नको कोंबू."

११ जुलै

निराधारचा पगार परत थांबला. आधी जिवंत आहे ते दाखवा, म्हणे, अंगठा लावा. गेली. रांगेत उभी राहिली. उजवा लावला, डावा लावला. पुसून लावला. मशीनवरचा माणूस चांगला होता बिचारा, त्यानं माह्यं बोट स्वतःच्या रुमालानं पुसलं, दाबून धरलं. लाल दिवाच येते.

"आजी, काय करावं? मशीन ओळखतच नाही तुमच्या बोटाले."

मागची बाई हसली. मी बी हसली असती एखाद वेळ.

म्या म्हटलं, "बापा, एका मशीननं ओळखलं होतं. पहिल्याच दाबात."

तो म्हणे, "कोणत्या?"